सरकारी स्कीममधून इन्सुलेशन झालं आणि आता घरात ओल आणि बुरशी, यूकेमधल्या कोणी मार्ग सांगेल का?

शुभा_यॉर्कशर

नमस्कार मंडळी. आम्ही वेस्ट यॉर्कशरमध्ये राहतो, जुनं एंड-टेरेस (रांगेतलं टोकाचं) घर आहे, भरीव विटांच्या भिंती, मध्ये पोकळी म्हणजे कॅव्हिटी नाही. सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे काउन्सिलच्या फ्लेक्समधून (काउन्सिलने शिफारस करायची सोय) आम्ही ईको फोर या सरकारच्या इन्सुलेशनच्या स्कीममध्ये बसलो आणि बाहेरून भिंतींना इन्सुलेशन, लॉफ्टमध्ये जाड थर आणि बाथरूमला नवा फॅन असं सगळं फुकट करून मिळालं. पहिला हिवाळा खरंच छान गेला, घर पटकन गरम व्हायचं, गॅसचं बिलही उतरलं.

पण या हिवाळ्यात वेगळंच चालू झालंय. सकाळी उठलं की खिडक्यांवरून पाणी ओघळत असतं, काचेखालची लाकडी पट्टी काळी पडलीये. मागच्या छोट्या बेडरूमला, जिथे सासूबाई झोपतात, बाहेरच्या कोपऱ्यात कपाटामागे काळी बुरशी आलीये, जमिनीपासून साधारण गुडघ्यापर्यंत, आणि वर छताला भिंत मिळते तिथे वेगळी एक काळी रेघ. कपाट उघडलं की कुबट वास, साड्या सगळ्या बाहेर काढाव्या लागल्या. त्यांचा खोकला वाढलाय आणि मला त्याचीच जास्त काळजी आहे.

ज्यांनी काम केलं त्या कंपनीला फोन केला, बऱ्याच फोननंतर एक माणूस आला, खोलीत दोन मिनिटं उभा राहिला, किचनमध्ये डोकावला (कुकर लागलेला होता) आणि म्हणाला की तुम्ही लोक खूप शिजवता, वाफ होते, खिडक्या उघड्या ठेवा. बाहेर दोन डिग्री असताना दम्याच्या पेशंटच्या खोलीत खिडकी उघडी ठेवायची? आणि इन्सुलेशनच्या आधीही आम्ही असाच स्वयंपाक करत होतो, तेव्हा बुरशी नव्हती. तर नक्की चूक कुठे आहे आणि कोणाकडे जायचं, कोणी सांगेल का?

ढगाळ_मॅंचेस्टर

ताई, बी अँड क्यूमध्ये बुरशी मारायचा स्प्रे आणि अँटी-मोल्ड पेंट मिळतो, आम्ही दरवर्षी तोच लावतो, एक सीझन जातो आरामात. आणि डीह्युमिडिफायर घ्या.

घरतपासणी_लीड्स

मी याच क्षेत्रात काम करतो, इन्सुलेशनच्या आधी आणि नंतर घरं बघणं हेच माझं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी एक गोष्ट. कुकरमुळे बुरशी आली हे पटवून घेऊ नका. चार माणसांच्या घरात श्वास, अंघोळी, स्वयंपाक, कपडे वाळवणं मिळून दिवसाला साधारण दहा लिटर पाणी वाफेच्या रूपात हवेत जातं, मग घरात वरण-भात शिजो नाहीतर पास्ता. हे पाणी कुठून तरी बाहेर जायलाच हवं. तुमच्या जुन्या घरात ते फटींमधून, चिमणीतून, लॉफ्टच्या कडांमधून आपोआप जात होतं, म्हणून घर थंड होतं पण कोरडं होतं. इन्सुलेशन करताना त्या फटी बंद झाल्या. मग त्या जागी हवा जायची नीट सोय करून देणं हा त्याच कामाचा भाग असतो. ईकोचं काम पास २०३५ या स्टँडर्डप्रमाणे करावं लागतं आणि त्यात स्पष्ट आहे की इन्सुलेशन करण्याआधी घराचं व्हेंटिलेशन तपासायचं आणि ते पुरेसं नसेल तर ते सुधारूनच पुढे जायचं.

बुरशीला भिंतीवर पाणी दिसायची गरज नसते हेही लक्षात घ्या. खोलीत २० डिग्री आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर दव पडायला भिंत १२ डिग्रीपर्यंत थंड व्हावी लागते, पण बुरशीला भिंतीलगतच्या हवेत ८० टक्के आर्द्रता पुरते, आणि त्याच खोलीत जो कोपरा साधारण १५ डिग्रीच्या खाली जातो तिथे ती होते. म्हणून काच ओली दिसते, कोपरा हाताला कोरडा लागतो, आणि तरी तिथे काळं येतं. आता बाहेरून इन्सुलेशन नीट झालं असेल तर भिंत आतून उलट गरम राहायला हवी. म्हणजे तुमच्या कोपऱ्यात आणि छताच्या रेघेवर भिंत थंड राहिली याचा अर्थ तिथे बाहेर काहीतरी सुटलंय, इन्सुलेशन पोचलेलं नाही किंवा मागे पाणी गेलंय.

हे बघून सांगा, जमेल तसं, सगळ्याचे फोटो काढा:

बाथरूमचा फॅन चालू करून त्याच्या जाळीवर टिश्यू पेपरचा एक कागद धरा. नीट ओढून धरला पाहिजे. खाली पडला तर फॅन नुसता आवाज करतोय. मग लॉफ्टमध्ये जाऊन बघा की फॅनची नळी खरंच बाहेर निघालीये का, की लॉफ्टमध्येच टाकून दिलीये. हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता सगळ्यात आधी तेच बघतो.

आतल्या दारांखाली किती जागा आहे? दार बंद असताना हवा खोलीतून फॅनकडे जायला तीच वाट असते. ७६० मिलिमीटरच्या दाराखाली १० मिलिमीटर मोकळी फट हवी, आणि ती कार्पेटच्या वर. बरेचदा दार कापतात पण कार्पेटचे केस सगळी फट भरून टाकतात.

खिडक्यांना वर ट्रिकल व्हेंट, म्हणजे हवा यायच्या छोट्या उघड-बंद फटी, आहेत का, आणि त्या उघड्या आहेत का?

किचनमधला शेगडीवरचा हूड बाहेर हवा टाकतो की फिल्टरमधून परत आतच सोडतो?

आणि बाहेर, जमिनीलगत एअरब्रिक असतात, जाळीच्या विटा. जुन्या घरात लाकडी फ्लोअर असतो, त्याच्याखालची हवा त्यातून खेळते. नव्या प्लास्टरमध्ये त्या दिसतात का ते मोजा.

पेंटबद्दल, ढगाळ_मॅंचेस्टर, राग मानू नका, पण पेंट लावला की पुरावा जातो आणि कारण तसंच राहतं. फोटो झाल्याशिवाय काही लावू नका. तोपर्यंत सासूबाईंचा पलंग त्या कोपऱ्यापासून हलवा किंवा शक्य असेल तर खोलीच बदला, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. आणि बुरशी कोरड्या ब्रशने खरवडू नका, ती हवेत उडते, ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावून, सासूबाई घरात नसताना.

कार्डिफचा_पाऊस

आमच्याकडे प्रकार वेगळा होता, पण मूळ दुखणं तेच. आमचं घर कॅव्हिटीचं, म्हणजे दोन भिंती आणि मध्ये पोकळी. ती पोकळी मुळात यासाठीच असते की बाहेरची वीट भिजली तरी पाणी आत येऊ नये. आमच्या घराच्या आधीच्या मालकांनी सरकारी स्कीममध्ये ती पोकळी फायबरने भरून घेतली होती. वेल्सचा पश्चिमेकडून येणारा आडवा पाऊस माहितीये ना, अशा ठिकाणी भरताना भिंतीची अवस्था, सांधे, आतल्या पोकळीत साचलेला चुन्याचा कचरा, सगळं तपासूनच भरायला हवं. आमच्याकडे भिजलेला कापूस तसाच भिंतीत बसून होता. पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी हॉलच्या भिंतीवर तपकिरी डाग उमटायचे, आणि कोरड्या थंडीत काहीच नाही. हा फरक लक्षात ठेवा: पावसानंतर वाढत असेल तर पाणी बाहेरून येतंय, कोरड्या थंडीत वाढत असेल तर आतली वाफ. शेवटी विटा काढून व्हॅक्यूमने सगळं फायबर ओढून काढावं लागलं. २५ वर्षांची गॅरंटी कागदावर होती, ती वापरायला बराच पाठपुरावा लागला पण खर्च त्यातूनच निघाला. तेव्हा तुमचा गॅरंटीचा कागद आधी शोधा, बाहेरच्या भिंतीच्या इन्सुलेशनलाही २५ वर्षांची असते.

अनघा_लेस्टर

मला त्या "तुम्ही लोक खूप शिजवता" वर बोलायचंय कारण ते वाचून माझा संताप झाला.

रॉचडेलच्या अवाब इशाकचं नाव बहुतेकांनी ऐकलं असेल. दोन वर्षांचं मूल, डिसेंबर २०२० मध्ये गेलं, आणि २०२२ च्या चौकशीत कॉरोनरने सांगितलं की फ्लॅटमधल्या बुरशीमुळे त्याच्या श्वसनमार्गाला जे झालं त्यातून गेलं. वडील २०१७ पासून तक्रार करत होते. घरमालक संस्थेने काय धरून चालवलं, तर यांची राहण्याची पद्धत, स्वयंपाक, बादलीने अंघोळ. ते सुदानहून आलेलं कुटुंब होतं. फ्लॅटमधलं व्हेंटिलेशन अपुरं होतं हे चौकशीत बाहेर आलं. भाडेकरूंच्या तक्रारी बघणाऱ्या हाउसिंग ओम्बड्समनने २०२१ मध्येच डॅम्पवर एक मोठा रिपोर्ट काढला होता, त्याचं नावच "इट्स नॉट लाइफस्टाइल" आहे. म्हणजे इथल्या सरकारी यंत्रणेनेच सांगितलंय की हे कारण पुढे करू नका. शुभाताई, तो माणूस जे बोलला ते तारखेसकट लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक ईमेलमध्ये घाला.

आपल्या घरात वाफ जास्त होते का? होते, आपण रोज दोन वेळा शिजवतो, पातेल्यावर झाकण ठेवून आणि हूड चालू ठेवून ती कमी करता येते, कपडे रेडिएटरवर घालण्याऐवजी बाथरूममध्ये दार लावून फॅन चालू ठेवून वाळवता येतात, मशीनच्या एका लोडमधून दोन लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. हे करावंच. पण ज्या फॅनचा कागद खाली पडतो तो कितीही तास चालवला तरी काय उपयोग. ज्यांनी घर बंद केलं त्यांनी हवेची सोय करायची, आणि माणसं कशी जगतात ते गृहीत धरून करायची.

शुभा_यॉर्कशर

सगळ्यांचे खूप आभार, आज यांनी आणि मी मिळून सगळं बघितलं, लिहिते.

फॅनवर कागद धरला, धरतो पण अगदी कसाबसा, दार बंद केलं की पडतो आणि दार उघडलं की परत चिकटतो. लॉफ्टमध्ये हे गेले, नळी आहे, ती छपराच्या कडेपर्यंत नेलीये पण बाहेर निघालेली नाही, जाड इन्सुलेशनच्या खाली दाबून ठेवलीये आणि मधे झोळ पडलाय त्यात चक्क पाणी साठलंय. खालची लाकडं त्या भागात काळपट आहेत. इन्सुलेशन छपराच्या पार टोकापर्यंत कोंबलंय, कुठूनच बाहेरचा उजेड दिसत नाही.

दाराखाली फट नाही, कार्पेटला घासून बसतं. ट्रिकल व्हेंट मागच्या खिडकीला नाहीतच, पुढच्या दोन खिडक्यांना आहेत, एक मी बंद करून ठेवला होता, थंडी येते म्हणून. किचनचा हूड फिल्टरवाला आहे, बाहेर काही जात नाही.

बाहेर: पुढच्या बाजूला एअरब्रिकच्या जागी प्लास्टिकच्या जाळ्या आहेत. मागे एकही नाही, सपाट प्लास्टर. जुन्या फोटोत मागे दोन दिसतायत, मुलाच्या वाढदिवसाला अंगणात काढलेला फोटो आहे त्यात. आणि ज्या कोपऱ्यात बुरशी आहे तिथे बाहेर पावसाच्या पाण्याचा पाइप आहे, त्या पाइपच्या मागे इन्सुलेशनच नाही, पाइप न हलवता दोन्ही बाजूंनी काम करून मधली पट्टी तशीच सोडलीये, जुनी वीट दिसते.

घरतपासणी_लीड्स

ताई, तुम्ही जे लिहिलंय ते एखाद्या तपासणी रिपोर्टसारखं नेमकं आहे. एकेक सांगतो.

पाइपमागची पट्टी: तोच तुमचा बुरशीचा कोपरा. आजूबाजूची भिंत गरम, मधली उघडी वीट थंड, वाफ तिथे जाऊन बसणार. काम करताना पाइप काढून, इन्सुलेशन लावून, लांब ब्रॅकेटने परत बसवायचा असतो. शिवाय पट्टीच्या दोन्ही कडा उघड्या असतील तर पाऊस बोर्डच्या मागे शिरतो, म्हणजे कार्डिफच्या मित्राचाही प्रश्न तुम्हाला लागू होऊ शकतो. पावसानंतर त्या कोपऱ्यावर लक्ष ठेवा.

छताची रेघ: लॉफ्टचं इन्सुलेशन साधारण २७० मिलिमीटर टाकतात, पण छपराच्या कडेला हवा खेळायला ५० मिलिमीटरची वाट मोकळी ठेवायची असते. ती बुजलीये म्हणून लॉफ्टमधली लाकडं काळी होतायत. आणि बाहेरच्या भिंतीचं इन्सुलेशन वर कडेपर्यंत पोचलं नसेल तर भिंत आणि छताच्या सांध्यात एक थंड पट्टी राहते, तीच आतून रेघ म्हणून दिसते.

फॅनचं पाणी: नळीतली वाफ थंड होऊन झोळात साठते आणि वाट अडवते. बाथरूमच्या फॅनने सेकंदाला १५ लिटर हवा बाहेर टाकायला हवी, किचनमध्ये शेगडीच्या वर ३०. बसवल्यावर हे मीटरने मोजून कागदावर लिहायचं असतं. त्या कागदाला कमिशनिंग शीट म्हणतात, तो मागा. न मोजता आकडा भरला असेल तर तेही समोर येईल. दार उघडल्यावर कागद चिकटतो याचा अर्थ दाराखाली फट नाही म्हणून फॅनला ओढायला हवाच मिळत नाही.

सगळ्यात घाईचं काम मागचे बुजलेले एअरब्रिक. फ्लोअरखालची लाकडं वरून दिसत नाहीत आणि हवा एका बाजूने आली तरी दुसरीकडून बाहेर जायला वाट लागते. पायाखाली कुठे मऊ लागतंय का, दबतंय का ते मागच्या खोलीत चालून बघा. आणि घरात गॅसची फायर किंवा जुना बॉयलर असेल, त्याची हवेची जाळी प्लास्टरमध्ये झाकली गेली नाही ना तेही आजच बघा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर लगेच लावा.

ट्रिकल व्हेंट बंद केल्याचं मनाला लावून घेऊ नका, काम झाल्यावर ते का उघडे ठेवायचे हे घरातल्या माणसांना समजावून द्यायचं कामही त्यांचंच असतं. आता उघडा.

तुम्ही एकट्या नाही हेही सांगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसचा रिपोर्ट आला. ईको फोर आणि ग्रेट ब्रिटिश इन्सुलेशन स्कीममध्ये बाहेरून इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्ती लागेल असे मोठे दोष आहेत, म्हणजे २२ ते २३ हजार घरं. आतून केलेल्यांत २९ टक्के. बाहेरून केलेल्यांपैकी ६ टक्के घरांत तर तब्येतीला किंवा जिवाला लगेच धोका आहे असं म्हटलंय. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये सरकारने ३९ इन्स्टॉलर सस्पेंड केले होते. आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. प्रेस्टनच्या फिशविक भागात २०१३ च्या सुमारास याच पद्धतीने तीनशेहून जास्त घरांचं काम बिघडलं, लोकांच्या भिंती आतून ओल्या झाल्या, प्लास्टर गळून पडलं. त्यानंतर २०१६ मध्ये अशा कामांच्या दर्जावरचा बॉनफील्ड रिव्ह्यू आला, मग २०१९ मध्ये पास २०३५, ट्रस्टमार्क या सरकारमान्य दर्जा योजनेची नोंदणी, सगळ्या कामावर देखरेख करणारा को-ऑर्डिनेटर, सगळी रचना उभी राहिली. कागदावर रचना चांगली आहे, मी मनापासून सांगतो. पण एकाच कंपनीच्या ओळखीतला असेसर, ओळखीतला को-ऑर्डिनेटर आणि साइटवर ठेक्यातला ठेकेदार, असं झालं की घरात येऊन कोणी कागद धरून फॅन बघत नाही, फोटो अपलोड होतात आणि पैसे सुटतात.

कोल्हापूर_टू_केंट

माझा प्रश्न जोडून विचारतो, आमच्याकडे आईवडील हिवाळ्यात आले की सगळे फॅन बंद करतात, गार वारा येतो आणि वीज जळते म्हणून. सतत चालणाऱ्या फॅनचं बिल किती येतं?

घरतपासणी_लीड्स

सतत मंद चालणारा छोटा फॅन पाच वॉटच्या आसपास घेतो. वर्षभर चोवीस तास धरला तरी ४४ युनिट, म्हणजे साधारण बारा पौंडांच्या आसपास. आवाजही जवळजवळ नसतो. दोरी ओढून चालू-बंद करायच्या फॅनपेक्षा वडीलधारी माणसं घरात असतील तर हाच बरा, कोणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. दहा पौंडांचा आर्द्रतेचा मीटर हॉलमध्ये ठेवा, आकडा दिसला की आईवडिलांनाही पटतं. ४० ते ६० मध्ये असू द्या.

अनघा_लेस्टर

भाड्याच्या घरात असलेल्यांसाठी पटकन: इंग्लंडमध्ये काउन्सिल किंवा हाउसिंग असोसिएशनचं घर असेल तर २७ ऑक्टोबर २०२५ पासून अवाबचा कायदा लागू झालाय. जिवाला तातडीचा धोका असेल तर २४ तासांत, आणि गंभीर डॅम्प-बुरशी असेल तर दहा कामाच्या दिवसांत तपासणी आणि त्यानंतर पाच कामाच्या दिवसांत घर सुरक्षित करायचं. शुभाताईंचं घर स्वतःचं आहे त्यामुळे त्यांना हा लागू नाही, त्यांना ट्रस्टमार्क आणि गॅरंटीचाच रस्ता.

शुभा_यॉर्कशर

हो, घर आमचंच. आज ट्रस्टमार्कचं लॉजमेंट सर्टिफिकेट, म्हणजे काम नोंदल्याचा कागद, ईमेलमध्ये सापडलं, गॅरंटीचा कागद मात्र कधी आलाच नाही. मागच्या खोलीत खिडकीखाली फ्लोअर थोडा दबतो, आता कार्पेट उचलून बघणार आहोत. सासूबाईंना पुढच्या खोलीत हलवलंय, जीपीकडेही जाऊन आलो. एक प्रश्न, एका माणसाचा फोन आला होता, म्हणाला सरकारकडून बोलतोय, तुमचं खराब इन्सुलेशन आम्ही काढून देतो, फी भरा. हा खरा असेल का?

घरतपासणी_लीड्स

अजिबात नाही, त्याला काही देऊ नका, बँकेची माहिती तर नाहीच. या स्कीममधलं दुरुस्तीचं काम इन्स्टॉलरने स्वखर्चाने करायचं असतं, तुमच्याकडून पैसे मागणारा माणूस संशयास्पदच. सरकारने जाहीर केलंय की या दोन्ही स्कीममधल्या बाहेरून केलेल्या सगळ्या घरांची तपासणी होणार आहे, ऑफजेमने (वीज-गॅसवर देखरेख करणारी सरकारी संस्था) त्यासाठी घरमालकांना पत्रं पाठवली आहेत, आलेली नसतील तर त्यांच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः बघून तुम्हीच फोन करा.

तक्रार अशी करा. आधी इन्स्टॉलरला लेखी, फोनवर नाही. ईमेलमध्ये सर्टिफिकेटचा नंबर, प्रत्येक दोष वेगळ्या ओळीत आणि त्याचा फोटो, आणि चार कागद मागा: कामाआधीचा व्हेंटिलेशन असेसमेंट, डिझाइन, कमिशनिंग शीट, २५ वर्षांच्या गॅरंटीचा कागद. घरात दम्याचा पेशंट आहे हे पहिल्याच परिच्छेदात. उत्तर नाही आलं किंवा परत लाइफस्टाइल म्हणाले तर तोच ईमेल गॅरंटी देणाऱ्या संस्थेला आणि ट्रस्टमार्कला. कंपनी बंद पडली असली तरी गॅरंटी त्याचसाठी असते. कोणी येऊन नुसता पाइपमागे फोम मारून "काम झालं" म्हणून सही मागितली तर देऊ नका, फ्लोअर आणि लॉफ्ट उघडून बघितल्याशिवाय काम पूर्ण नाही असं लिहून द्या. वाढदिवसाचा तो फोटो मूळ फाइलसकट जपून ठेवा, त्यावरची तारीख लागेल. लीड्सच्या आसपास असाल तर मेसेज करा, शनिवारी मीटर घेऊन येतो, फॅनचा खरा आकडा ईमेलबरोबर जाऊ दे.